सात मिनिटांची भाजी

आमच्या घरी महिन्यातून दोन-तीनदा संध्याकाळच्या जेवणाला एक भाजी होते. ती मी करतो. मला तेवढी एकच येते. कोबी, गाजर, घेवडा, ढोबळी मिरची आणि कांद्याची पात. सगळं काडीसारखं बारीक चिरून ठेवायचं, कढई धूर येईपर्यंत तापवायची आणि मोठ्या आचेवर सात मिनिटांत परतून उतरवायची. बायको म्हणते, ही भाजी नव्हे, कोशिंबिरीला चटका दिलाय. पोरी खातात, कारण त्या दिवशी दुसरं काही नसतं.

आता खरं सांगायचं तर ही भाजी डुकराच्या मटणाची आहे. आम्ही पडलो उदगीरकडचे लिंगायत. गळ्यात लिंग, तीन वेळची पूजा, घरात कधी अंडं फुटलेलं नाही. त्यामुळं मूळ कृतीतून मुख्य जिन्नस तेवढा वजा केला, आणि जे उरलं ते आम्ही खातो.

ही वजाबाकी मला सरांनी करून दिली. सर म्हणजे आमच्या लातूरच्या घरातले वरच्या खोलीचे भाडेकरू. गणिताचे शिक्षक. एका खाजगी क्लासमध्ये शिकवायचे. लातुरात मास्तरांना तोटा नाही; दगड उचलला तर खाली एक फिजिक्सवाला निघतो. पण सरांसारखा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

खोली बघायला आले तेव्हा त्यांनी पाणी किती वेळ येतं, पंखा आहे का, असलं काही विचारलं नाही. उभ्या उभ्या चारी भिंतींवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "सोडायची झाली तर किती दिवस आधी सांगाल?"

मी म्हणालो, अहो, अजून तुम्ही आलाच नाहीत.

"तेच विचारून राहिलो. आल्यावर विचारायला जड जातं."

सहा वर्षं राहिले, पण भिंतीला एक खिळा मारला नाही. कॅलेंडर टेबलावर आडवं ठेवायचे, आरसा खिडकीच्या गजाला टेकवलेला. आमची अव्वा, म्हणजे माझी आई, म्हणायची की मास्तर पाहुण्यासारखा राहतो. सामान म्हणाल तर एक पत्र्याची पेटी, एक गादी, पुस्तकांची दोन खोकी आणि एक स्टोव्ह. पंचवीस वर्षांत अकरा घरं बदलल्यामुळं सामान किती असावं याचं त्यांचं उत्तर तयार होतं: एका ऑटोत बसेल एवढं.

अव्वानं पहिल्याच आठवड्यात त्यांचं गाव विचारलं. आमच्याकडं आडनावावरून उलगडा झाला नाही की गाव विचारतात, गावावरून नाही झाला की मामाचं गाव विचारतात, आणि तरीही अडलं तर लग्नात अक्षता कोण टाकतं तिथपर्यंत जातात. सर म्हणाले, लोह्याकडचं गाव. मामाचं? तेही लोह्याकडंच. लग्न? "केलं न्हाई, काकू." तिथं अव्वाची गाडी थांबली. अविवाहित माणसाची चौकशी पुढं कशी न्यायची हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

त्यांची पहिली भेट मात्र माझ्या दुकानात झाली होती. माझं भांड्यांचं दुकान आहे. खोली घ्यायच्या आदल्याच दिवशी ते स्टीलची एक पसरट कढई घ्यायला आले. भांडं विकलं की आम्ही त्यावर नाव घालून देतो. मशीनच्या सुईनं, फुकट. लोक त्यासाठीच येतात. एकेकाला वाटीवर आजोबांपासूनची वंशावळ हवी असते. मी मशीन पुढं ओढलं आणि विचारलं, काय नाव घालू?

"नाव नको."

मी म्हणालो, फुकट आहे.

"म्हणूनच नको. नाव घातलं की भांडं बोलायला लागतं."

मला वाटलं, माणूस तत्त्वज्ञ आहे. भांड्याच्या दुकानात असा माणूस वर्षाला एखादाच येतो, म्हणून मी लक्षात ठेवला.

दर रविवारी संध्याकाळी अव्वा माझ्या बायकोला घेऊन मठात भजनाला जायची. तिची पाठ वळली की वरून उदबत्तीचा असा काही दरवळ सुटायचा की आमचं घर आहे की समाधी, असं वाटावं. पाच-सहा उदबत्त्या एकदम. अव्वानं सगळ्या गल्लीत सांगितलं होतं, आमचे मास्तर लई देवभोळे, रविवार सोडत न्हाईत. ती त्यांना मठातून भस्माची वडीसुद्धा आणून द्यायची.

एका रविवारी बायको माहेरी होती आणि मी वर पोटमाळ्यावरून दुकानाचा माल काढायला गेलो. जास्तीचा माल मी सरांच्या खोलीवरच्या माळ्यावर ठेवायचो. दार लोटलेलं होतं. आत सर बनियनवर, हातात उलथणं, स्टोव्ह फरफरतोय, आणि स्टोव्हशेजारी त्यांचं मनगटी घड्याळ काढून ठेवलेलं. उदबत्तीच्या खालून लसणाचा आणि आणखी कशाचा तरी तेलकट, गोडसर वास येत होता. मला पाहताच त्यांनी स्टोव्ह बंद केला. झाकण ठेवलं. अंगात शर्ट घातला, बटणं लावली आणि मग म्हणाले, "किती दिवसांत खाली करू?"

मी म्हणालो, कशाला? आणि मग मोठ्या मनाचा आव आणून सांगितलं, "सर, मी काही बघितलं न्हाई."

ते हसले. "बघितलं न्हाई म्हणणारी माणसं मला आठव्या घरापासून भेटून राहिलीत. चांगली असतात. तुम्ही बसा."

मी बसलो. आजवर जी भाजी मी करतो ती मी अशी, नाकावर रुमाल धरून, पाहून शिकलो. मटण ते सकाळीच पलीकडच्या वस्तीतून आणायचे. डब्यात घट्ट झाकण लावून, वर कोथिंबिरीची जुडी. चिरायला त्यांना दोन तास लागायचे. मटणाचे काप वहीच्या पुठ्ठ्याएवढे पातळ. भाज्या एका मापाच्या, जणू पट्टी लावलीय. आधी चरबीचे तुकडे कढईत टाकायचे, तेच तेल सोडतात. मग लसूण, हिरवी मिरची आणि मटण, तीन मिनिटं. मग गाजर-घेवडा, दोन मिनिटं. मग कोबी, ढोबळी मिरची, दीड मिनिट. पात, मीठ, मिरपूड, लिंबू. सात मिनिटं झाली की आच बंद; मग ते घड्याळ परत मनगटावर.

मी विचारलं, सातच का?

सर फळ्यापुढं उभं राहिल्यासारखे सांगू लागले. नोकरीतली पहिली खोली नांदेडात होती. घरमालक संध्याकाळच्या आरतीला जायचा. वीस मिनिटं. तो खरंच गेला, विसरलेलं काही न्यायला परतत नाही, हे बघायला तीन. वास बाहेर जायला दहा. "उरली किती?"

मी बोटांवर मोजून सांगितलं, सात.

"बरोबर. चवीचा काही संबंध न्हाई त्यात."

मी म्हणालो, पण सर, इथं अव्वा चांगली तासभर जाते. तुम्ही निवांत करा की.

"हात ऐकत न्हाई," ते म्हणाले. "आठवं मिनिट लागलं की कुणीतरी जिना चढून राहिलंय असं वाटतं."

मग त्यांनी मला ती गोष्ट सांगितली, जी नंतर दर चार-सहा रविवारी त्यांच्या बोलण्यात यायचीच. हे परतलेलं काही खरं मटण नव्हे. खरं त्यांची आई करायची. गावाबाहेरच्या वस्तीत, उघड्यावर, तीन दगडांच्या चुलीवर. दुपारी तीनला चढवायची ते दिवस बुडताना उतरवायची. हाडासकट, चरबीसकट, मंद जाळावर. "आमच्याकडं वास सुटला की माणसं ताट घेऊन यायची," सर म्हणाले. "पुढं शिकलो, नोकरी लागली, तर वास सुटला की माणसं कुलूप घेऊन यायला लागली."

त्यांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. स्वतःचं घर, आणि त्या घरात एकदा तरी तीनला चढवून सहाला उतरवलेलं, सगळ्या खिडक्या उघड्या टाकून. नांदेडला जागा घेऊन ठेवली होती. बांधकाम हळूहळू चाललं होतं. लोकांना घर झोपायला लागतं, माझ्या सरांना शिजवायला लागत होतं.

त्यानंतर मी त्यांचा राखणदार झालो. रविवारी संध्याकाळी दुकान कामाच्या पोरांवर सोडून दारात खुर्ची टाकून बसायचो. अव्वाचा ऑटो गल्लीत वळला की खोकायचो. एका मुलीचा बाप, व्यापारी संघात चार लोक ओळखणारा माणूस, आणि एका कढईसाठी खोकतो. मला त्या काळात आपण फार सुधारलेले आहोत असं वाटायचं. सुधारणा एवढी स्वस्त पुन्हा कधी मिळाली नाही.

सर जेवण झालं की कढई घासायला बसायचे. राख, लिंबू, चिंच. मोठ्या आचेनं स्टीलला जो निळसर डाग पडतो तोही ठेवायचे नाहीत. आत तोंड दिसेल इतकी लख्ख. मी म्हणायचो, सर, ही परत दुकानात लावली तर गिऱ्हाईक घेईल. त्यांना ते आवडायचं.

आणि त्याच लख्खपणानं घात केला.

धाकटीचं बारसं होतं. मठातले स्वामी प्रसादाला येणार होते. पन्नास पानं. स्वामींचा शिरा वेगळा, आणि तो कोऱ्या भांड्यात करायचा हा अव्वाचा नेम. मी सकाळपासून मंडपवाल्याच्या मागं होतो. मी नव्हतो, म्हणून अव्वा आमच्याकडची किल्ली घेऊन स्वतः वर गेली, की माळ्यावरच्या मालातलं एखादं काढावं. माळ्यापर्यंत तिला जावंच लागलं नाही. खाली आमच्याच जुन्या खुंटीला एक कढई होती, आरशासारखी, नाव न घातलेली. आमच्या घरात हिशेब सरळ आहे: नाव असेल ते घरातलं, नाव नसेल ते दुकानातलं, म्हणजे कोरं. सर क्लासला गेले होते. तिनं ती उचलली.

मी स्वयंपाकघरात आलो तेव्हा त्या कढईत तूप सुटलेला शिरा होता, वर बेदाणे. मी ती कढई ओळखली. भांडेवाला आहे, विकलेली कढई ओळखू येते. तेवढ्यात सर आले. बारशाला म्हणून पांढरा शर्ट घालून, हातात बाळाला झबलं. त्यांनीही ओळखली.

आम्ही दोघं अंगणात गेलो. मी म्हणालो, सर, तुम्ही गप्प राहा. कढई घासलेली आहे, विस्तवाला लागलेली आहे. कुणाला काही होत नाही. सर म्हणाले, कुणाला काही होणार नाही हे मलाही माहीत आहे. मग ते बराच वेळ झबल्याची पिशवी या हातातून त्या हातात करत राहिले. मी त्यांना घराची आठवण दिली, नांदेडचा स्लॅब अजून पडायचाय, एवढ्यात कुठं जाल. ते म्हणाले, "त्या बाईनं मला सहा वर्षं भस्म दिलंय. तिच्या नेमाचं मी न सांगता कसं करू?"

आणि आत गेले. मी मागोमाग. अव्वा ओट्याशी होती, शेजारी माझी बायको. स्वामी पुढच्या खोलीत बसलेले.

"काकू, तो शिरा स्वामींना वाढू नका," सर म्हणाले. आवाज वर्गात उदाहरण सांगतात तसाच. "कढई माझी आहे. मी त्यात डुकराचं मटण करतो."

अव्वा ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं गॅस बंद केला, पदरानं हात पुसले, आणि त्यांच्याकडं न बघता माझ्याकडं बघितलं.

"तुला ठावं होतं?"

आता या जागी मी काय म्हणालो ते सांगायला मला एवढी भाजी चिरावी लागली. मी म्हणालो, "न्हाई."

सरांनी मनगटावरच्या घड्याळात बघितलं. का, ते मला आजवर कळलं नाही. मग अव्वाला विचारलं, किती दिवसांत खाली करू? ती म्हणाली, "तुमच्या सोयीनं करा, सर. खरं बोललात." तिच्या लेखी तो मोठेपणाच होता, आणि खोटंही नव्हतं.

सरांची सोय पाऊण तासात झाली. पेटी, गादी, दोन खोकी, स्टोव्ह. कढई त्यांनी स्वतः घासून घेतली. शिरा गाईला घातला. भिंतींना खिळे नव्हतेच, त्यामुळं त्या खोलीत कुणी राहिलं होतं याची खूणही राहिली नाही. ऑटोत बसताना त्यांनी झबलं माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "खोकला जपा."

त्यानंतर तीन वर्षांनी मला नांदेडहून फोन आला. घर झालं, या. पत्ता दिला आणि ठेवला. मी आठ दिवस झोपलो नाही असं म्हणणार नाही, मला कुठंही झोप लागते. पण दुकानातलं सगळ्यात जड पातेलं मी काढलं. तिहेरी बुडाचं, झाकणासकट, मंद आचेवर तीन तास ठेवलं तरी खाली लागणार नाही असं. मशीन घेऊन त्यावर मी स्वतः नाव घातलं. सरांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आणि खाली गावाचं नाव. 'र' वाकडा आला.

सरांचं घर गावाबाहेर, दोन खोल्यांचं. आजूबाजूला रिकामे प्लॉट आणि बाभळी. वास जावा तर कुणाकडं जावा, अशी जागा. पातेलं त्यांनी मांडीवर घेतलं आणि अक्षरांवरून अंगठा फिरवला.

"गावबी घातलं?"

हाव, म्हटलं.

"आता हे बोलणार," म्हणाले आणि ओट्यावर ठेवलं.

मी ठरवून गेलो होतो. म्हणालो, सर, आज रविवार आहे, तुम्ही तीनला चढवा. मी बसतो. आणि आज मी खाणार. गळ्यातलं लिंग काढून ठेवीन हवं तर.

त्यांनी माझ्याकडं, न सुटणारं गणित सोडवायला निघालेल्या पोराकडं बघावं तसं बघितलं. "लिंग राहू द्या गळ्यात. प्रायश्चित्ताला एवढी भाजी पुरायची न्हाई. एका माणसाची असते ती."

तीन वाजले, चार वाजले. आम्ही क्लासबद्दल, पोरींबद्दल, गुडघ्यांबद्दल बोललो. मधूनच ते उठायचे, रिकाम्या पातेल्याचं झाकण काढून आत बघायचे आणि परत ठेवायचे. साडेसहाला त्यांनी घड्याळ काढून ओट्यावर ठेवलं. खिडक्या लावल्या. एक, दोन, आणि मागची तिसरी. पाच उदबत्त्या पेटवल्या. आधी छोट्या कढईत, जी त्यांनी माझ्यासाठी म्हणून नवी आणून ठेवली होती, नुसत्या भाज्या तेलावर परतल्या. सात मिनिटं. मग जुन्या कढईत स्वतःच्या. सात मिनिटं. मग दोघं समोरासमोर बसून जेवलो. माझी भाजी करकरीत होती, लसूण थोडा करपलेला. मी म्हणालो, छान झालीय. ते म्हणाले, यातून ते वजा केलं तरी चालतं, घरी करत जा.

निघताना म्हणालो, सर, आता तर कुणी जिना चढत नाही. जिनाच नाही.

"म्हणून तर दाराकडं बघावं लागून राहिलंय," ते म्हणाले. "करू. आता घाई काय हाय?"

गेल्या वर्षी त्यांचा भाचा दुकानात आला. चाळिशीचा, खांद्यावर पोतं. सर जाऊन महिना झाला होता, झोपेतच गेले. मामांनी सांगून ठेवलं होतं म्हणाला, भांडी मोडीत घालायची तर लातूरला त्याच दुकानात घाल. पोत्यात दोन नग होते. कढईचा तळ इतका झिजला होता की उजेडापुढं धरली तर दोन ठिकाणी सुईएवढी छिद्रं दिसली. पातेल्याच्या आत अजून कागदाची पट्टी चिकटलेली होती, कंपनीची, मीच विकताना ठेवतो ती. बूड उलटं करून बघितलं. आमच्या धंद्यात बूड बघितलं की सगळं कळतं. त्याला विस्तव माहीत नव्हता.

मी दोन्ही तराजूवर घातली नाहीत. कढई दुकानात आहे, गल्ल्याच्या मागं, खुंटीला. पातेलं घरी आणलं.

अव्वा आता ऐंशीची झालीय. मोतीबिंदूनं दिसत कमी, पण ओट्यावर नवं काही आलं की तिला कळतंच. त्या संध्याकाळी मी भाजी चिरत होतो. तिनं पातेल्यावरून हात फिरवला आणि अक्षरांपाशी अंगठा थांबला.

"कुणाचं रे नाव?"

मी वाचून दाखवलं. पूर्ण नाव, वडिलांचं, गावाचं. तिचा अंगठा 'र' वर तसाच राहिला.

"गेले?"

हाव, म्हणालो.

मी कोबी चिरत राहिलो, चिरून झालेलाच परत. मग तिनं विचारलं. मला माहीत होतं ती विचारणार, पण जे विचारेल असं वाटलं होतं ते नाही.

"कोरं हाय का?"

या खेपेला मला खोटं बोलायची सोय नव्हती.

"हाव, अव्वा. कोरंच हाय."

"मंग वापरायला काढ की," ती म्हणाली. "उगं कशाला पडून राहावं."

मी पातेलं बाजूला सरकवलं, आमची नेहमीची कढई ठेवली, मनगटावरचं घड्याळ काढून ओट्यावर ठेवलं, आणि गॅस मोठा केला.